पक्षाघातातून वाचणे आणि सावरणे : बावधन-मुळशीच्या वाटेवरून

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी एकाएकी तुंबली किंवा फुटली, तर मेंदूच्या त्या भागाकडून चालणारे शरीराचे काम काही क्षणांत थांबते. एका बाजूचा हात आणि पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते किंवा वाचाच बसते. ग्रंथांत या आजाराला पक्षाघात म्हणतात, शहरी व्यवहारात त्याला आता ब्रेन स्ट्रोक हे नाव रुळले आहे, आणि पुणे जिल्ह्याच्या खेड्यांतून अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच सांगितले जाते. या आजाराचा परिणाम जोखण्याची दोन स्वतंत्र मापे आहेत: किती रुग्ण जिवंत राहिले हे एक, आणि जिवंत राहिलेल्यांपैकी किती जण स्वतःच्या हाताने जेवू, चालू आणि बोलू लागले हे दुसरे. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास तपासला असता असे दिसते की या दोहोंतील सुधारणा एका वेगाने झालेली नाही. जीव वाचण्याचा इतिहास मुख्यतः रुग्णालयात घडला आणि अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांत तो झपाट्याने पुढे सरकला; सावरण्याचा इतिहास मात्र बहुतांशी घरात, पडवीत आणि अंगणात घडत राहिला, आणि म्हणूनच तो कोणाच्या नोंदवहीत फारसा उतरला नाही.

पुणे शहराची पश्चिम कड जिथे मुळशी तालुक्याला भिडते, तिथले बावधन हा इतिहास समजून घेण्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. ताम्हिणी घाटातून निघून मुळशीच्या जलाशयाकाठाने पौड, पिरंगुट आणि भूगाव अशी गावे ओलांडत येणारा रस्ता बावधनपाशी, चांदणी चौकात, मुंबई-बंगळूर महामार्गाला मिळतो, त्यामुळे घाटमाथ्यावरचा रुग्ण पुण्यातील मोठ्या रुग्णालयाकडे निघाला की त्याची वाट याच चौकातून जाते. बावधन खुर्द १९९० च्या दशकातच पुणे महापालिकेच्या हद्दीत गेले, तर बावधन बुद्रुक ३० जून २०२१ रोजी इतर बावीस गावांसह महापालिकेत समाविष्ट झाले. एका अंगाला टोलेजंग गृहसंकुले आणि रुग्णालये, दुसऱ्या अंगाला भातखाचरांचा, दाट पावसाचा आणि विरळ वस्तीचा तालुका, अशा सीमेवर हे गाव उभे आहे. आणि पक्षाघाताच्या रुग्णाचे पुढे काय होणार, हे आजच्या काळात बऱ्याच अंशी तो या सीमेच्या कोणत्या बाजूला पडला यावर ठरते.

रुग्णालये नव्हती तेव्हा मृत्युप्रमाण मोजण्याची कल्पनाही नव्हती, परंतु साध्य कोण आणि असाध्य कोण याचा विचार मात्र फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या अध्यायात पक्षाघात येतो आणि त्यावर स्नेहन, स्वेदन म्हणजे तेल लावणे आणि शेक देणे, तसेच विरेचन म्हणजे जुलाब देऊन शुद्धी करणे, असे उपचार सांगितलेले आहेत. सुश्रुतसंहितेचे निदानस्थान याहून एक पाऊल पुढे जाऊन भवितव्याची प्रतवारी लावते: केवळ वातामुळे झालेला पक्षाघात कष्टाने बरा होणारा, वाताला अन्य दोषाची जोड असलेला साध्य, आणि शरीरातील धातूंच्या क्षयातून उद्भवलेला असाध्य. या वर्गवारीतील शरीरविषयक कल्पना आज कोणी स्वीकारो वा न स्वीकारो, त्यामागचे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण सगळे पक्षाघात एकसारखे नसतात आणि खंगलेल्या शरीरावर झालेला आघात सर्वाधिक घातक ठरतो, ही गोष्ट आधुनिक आकडेवारीनेही पुन्हा पुन्हा दाखवून दिली आहे. याच परंपरेच्या कडेला लोकोपचारांचा मोठा पसारा होता. तेलाची मालीश, शेक, नवस, आणि कबुतराचे रक्त लुळ्या अंगाला चोळणे यांसारखे उपाय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अगदी अलीकडेपर्यंत चालत आले. त्यांनी मेंदूतील गुठळी हलत नव्हती हे खरे. परंतु ज्या घरात रोज मालीश होत असे, त्या घरात रुग्णाचे अंग दिवसातून निदान एकदा हलवले जात असे, आणि हा योगायोगाने साधणारा लाभ पुढे फिजिओथेरपीच्या शास्त्रात वेगळ्या आधारावर पुन्हा भेटतो.

हा आजार मेंदूचा आहे हे युरोपातही उशिरा सिद्ध झाले. १६५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर याने पक्षाघाताने मेलेल्यांच्या मेंदूंचे विच्छेदन करून आत रक्त साकळलेले दाखवले, आणि एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्को याने रक्तवाहिनीत तयार होणारी आणि एका जागेहून दुसरीकडे वाहत जाणारी गुठळी यांचे स्वरूप स्पष्ट केले. या ज्ञानाने उपचार मात्र बदलले नाहीत. रक्त काढणे, जुलाब देणे आणि डोक्याला थंडावा देणे यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात उभे राहिलेले ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले, त्या काळात पश्चिम महाराष्ट्रातील रुग्णालये ही मुख्यतः ताप, पटकी, जखमा आणि पुढे प्लेग यांच्याशी झुंजणारी ठिकाणे होती. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्या माणसाला मुळशीच्या खोऱ्यातून बैलगाडीत घालून पुण्यापर्यंत नेण्याचे कारण कोणालाही दिसत नसे, कारण तिथे नेऊन काही होणार नाही हे डॉक्टर आणि घरचे दोघेही जाणून होते. शिवाय विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही खाली होते. पक्षाघाताच्या वयापर्यंत पोहोचणारी माणसेच थोडी, म्हणून हा आजार समाजाच्या नजरेत मोठा ठरत नव्हता.

जीव वाचण्याच्या बाबतीत पहिला मोठा बदल घडला तो मेंदूशी थेट संबंध नसलेल्या कारणांनी, आणि ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही. पहिल्या दोन-चार दिवसांतील मृत्यू बहुधा मेंदूच्या सुजेने होतात. त्यानंतरचे बरेचसे मृत्यू मात्र गिळण्याची शक्ती गेल्याने अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया, एका कुशीवर पडून राहिल्याने होणारे शय्याव्रण म्हणजे बेडसोर, आणि लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग यांमुळे होतात. प्रतिजैविके हाती येईपर्यंत हे मृत्यू अटळ होते. बावधनच्या उत्तरेला फारशा दूर नसलेल्या पिंपरी येथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. पक्षाघाताच्या इतिहासात या कारखान्याचा उल्लेख सहसा येत नाही, परंतु अंथरुणाला खिळलेल्या ज्या रुग्णांचा न्यूमोनियाने बळी जायचा, त्यांपैकी कित्येक वाचू लागले ते अशाच औषधांच्या जोरावर. वाचले म्हणजे हातपाय चालू लागले असे मात्र नव्हे. लुळ्या अवस्थेत वर्षानुवर्षे जगणाऱ्या रुग्णांची संख्या वाढण्यास इथूनच आरंभ झाला.

दुसरा बदल रक्तदाबाचा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका चढलेला होता आणि जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या डॉक्टरांकडे तो उतरवणारे परिणामकारक औषध नव्हते. यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. ही वनस्पती सह्याद्रीच्या ओल्या रानांतही आढळते आणि देशी वैद्यकात निद्रानाश व उन्माद यांवर ती पूर्वापार वापरात होती. तिची रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेऊन ती जगापुढे ठेवण्याचे श्रेय मोठ्या अंशी वकिलांचे आहे, आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. १९५२ मध्ये या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६७ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ज्या प्रयोगांनी वाढलेला रक्तदाब औषधांनी उतरवला की पक्षाघात टळतो हे निर्विवाद सिद्ध केले, त्यांत दिलेल्या तीन औषधांपैकी एक हेच रेसर्पिन होते. मुंबईच्या एका डॉक्टरने केलेले हे काम पक्षाघाताच्या उपचारांइतकेच त्याच्या प्रतिबंधाच्या इतिहासात मोलाचे आहे, आणि मराठी वाचकांना ते आज जवळजवळ अपरिचित असावे याची खंत वाटते.

तरीही रुग्णालयात आलेल्या रुग्णाच्या डोक्यात नेमके काय झाले आहे, हे कळण्याचा मार्ग १९७० पर्यंत अप्रत्यक्षच होता. रक्तवाहिनी बंद पडली असेल तर रक्त पातळ करणारे औषध उपयोगी, आणि ती फुटली असेल तर तेच औषध जीवघेणे. असे असताना दोहोंतील फरक रुग्णाच्या लक्षणांवरून, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून, किंवा मानेतल्या धमनीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या एक्स-रेवरून ओळखावा लागे. मुंबईत डॉ. एडी भरुचा, डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या पिढीने मेंदूविकारांचे स्वतंत्र विभाग आणि अभ्यासाची परंपरा उभी केली ती याच काळात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला गेला आणि कवटी न उघडता आतले रक्त पांढरे दिसू लागले. हे यंत्र आधी भारतातील महानगरांत आले, मग पुण्यासारख्या शहरांत आणि शेवटी जिल्ह्याच्या गावी. पुण्यात रुबी हॉल, जहांगीर, केईएम यांसारख्या जुन्या रुग्णालयांच्या जोडीला पुढच्या दशकांत मेंदूविकारांसाठी सुसज्ज अशी नवी रुग्णालये उभी राहिली, आणि शहराच्या पश्चिम भागातील माणसाला स्कॅनसाठी दूर जाण्याची गरज उरली नाही.

या टप्प्यावर आकड्यांचा विचार करणे योग्य ठरेल. व्हॅलरी फायगिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरातील लोकसंख्याधारित अभ्यास एकत्र करून मांडलेल्या निष्कर्षानुसार, श्रीमंत देशांत पक्षाघातानंतर महिनाभरात मरण पावणाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकातील सुमारे ३६ टक्क्यांवरून २००० नंतर सुमारे २० टक्क्यांवर आले, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते ३५ टक्क्यांवरून सुमारे २७ टक्क्यांपर्यंतच उतरले. आरंभ जवळपास एकाच ठिकाणाहून झाला होता, ही यातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. डॉ. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एच विभागातील सुमारे १ लाख ५७ हजार लोकसंख्येत जो अभ्यास केला, त्यात आयुष्यातला पहिलाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत मरण पावले. त्या रुग्णांतील ८९ टक्क्यांचा सीटी स्कॅन झालेला होता, म्हणजे निदानाचे साधन देशातील सर्वांत संपन्न महानगरात पोहोचलेले होते, तरीही मृत्यूचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या वीस-तीस वर्षे मागे राहिले. नुसते यंत्र आल्याने रुग्ण वाचत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

मृत्युप्रमाणाची घट वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि अनेक अभ्यासक इथेच घाईने निष्कर्ष काढतात. स्कॅन सुलभ झाला तसे सौम्य पक्षाघातही ओळखले जाऊ लागले. पूर्वी ज्याला ‘जरा मुंग्या आल्या’ म्हणून घरीच सोडून दिले जाई, तो रुग्ण आता रुग्णालयाच्या नोंदीत येतो आणि तो जवळजवळ निश्चितच वाचणारा असतो. भागाकारात असे रुग्ण वाढले की उपचार तसूभरही न सुधारता मृत्यूची टक्केवारी खाली येते. याच्या नेमकी उलट बाजू गडचिरोलीत दिसून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची घरोघर जाऊन कारणमीमांसा केली, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले आढळले आणि गावांतील मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. त्यांपैकी ८७ टक्के मृत्यू घरी झाले होते, आणि निम्म्याहून थोडे कमी मृत्यू पहिल्या महिन्याच्या आतले होते. उरलेली माणसे महिना उलटून गेल्यावर, म्हणजे मेंदूवरील पहिल्या घावातून वाचल्यानंतर गेली. ज्या रुग्णालयाच्या दारापर्यंत ही माणसे कधी आलीच नाहीत, त्या रुग्णालयाच्या आकडेवारीत ती कुठे दिसणार? म्हणून ‘रुग्णालयातील मृत्युप्रमाण घटले’ हे विधान खरे असूनही अपुरे असते, आणि मुळशीसारख्या अर्ध्या डोंगरी तालुक्याविषयी बोलताना तर ते विशेष जपून वापरावे लागते.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने या इतिहासाला घड्याळाशी बांधले. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतील ६२४ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेस हे औषध शिरेतून दिल्यास तीन महिन्यांनंतर जवळजवळ अव्यंग असणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे वाढते, असे त्यात दिसले. त्याच प्रयोगात मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडणाऱ्यांचे प्रमाण ०.६ टक्क्यावरून ६.४ टक्क्यांवर गेले, आणि मृत्यूंच्या प्रमाणात मात्र निर्णायक फरक पडला नाही. हे औषध मुख्यतः जीव वाचवणारे नव्हे, तर हातपाय वाचवणारे होते, आणि पक्षाघाताच्या उपचारांचे उद्दिष्टच त्यामुळे सरकले. २००८ मधील युरोपीय प्रयोगानंतर ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी वाहिनी तुंबली असता दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, हा हिशेब अमेरिकेतील जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडल्यापासून साडेचार तासांतील प्रत्येक मिनिटाचे मोल वेगळे सांगण्याची गरज राहिली नाही.

या औषधाच्या पुढच्या पिढीचा संबंध थेट मुळशी तालुक्याशी आहे. अल्टेप्लेसचा काही भाग एकदम आणि उरलेला तासभर थेंबाथेंबाने द्यावा लागतो. टेनेक्टेप्लेस हे त्याचेच सुधारित रूप मात्र एकाच इंजेक्शनात देता येते. हिंजवडीत असलेल्या जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने तयार केलेल्या टेनेक्टेप्लेसला पक्षाघातासाठी वापरण्याची परवानगी भारताच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये दिली. कॅनडातील मोठ्या प्रयोगाने हे औषध जुन्या औषधाच्या तोडीचे असल्याचे २०२२ मध्ये दाखवले, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या टेनेक्टेप्लेसला पक्षाघातासाठी मान्यता दिली ती मार्च २०२५ मध्ये. एकाच इंजेक्शनात काम होणे ही ग्रामीण भागासाठी किरकोळ सोय नाही. लहान रुग्णालयात स्कॅन करून औषध टोचले आणि रुग्णवाहिकेतून रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे पाठवला, तर वाटेत सलाईनचा पंप सांभाळण्याची गरज राहत नाही. ज्या तालुक्यात हे औषध तयार होते, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकावरील माणसाला ते वेळेत मिळणे अवघड असावे, ही विसंगती औषधशास्त्राने सुटणारी नाही.

ती सुटेल रस्त्याने, वाहनाने आणि ओळखीने. महाराष्ट्र शासनाची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ वाहनांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ वाहने प्रगत जीवरक्षक साधनांनी युक्त होती आणि वाहनासोबत डॉक्टर असण्याची तरतूद होती. चांदणी चौकातील कोंडी हा मुळशीकरांच्या अनेक वर्षांच्या त्रासाचा विषय होता. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या आरंभी स्फोटकांनी पाडण्यात आला आणि नव्या उड्डाणपुलांचे उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाले. पुलाच्या बांधकामाची वैद्यकाच्या इतिहासात दखल घ्यावी का, असा प्रश्न कोणाला पडू शकेल. परंतु साडेचार तासांच्या मुदतीत जिथे घाटातला रस्ता, भूगावची वर्दळ आणि स्कॅनची रांग हे सगळे बसवायचे असते, तिथे चौकात वाचलेली वीस मिनिटे ही एखाद्या औषधाच्या मात्रेइतकीच खरी असतात. त्याहूनही अधिक वेळ घरी जातो. पहाटे उठताना हात उचलेना, तर ‘झोपेत दबला असेल’ म्हणून दुपारपर्यंत थांबणे, आधी जवळच्या दवाखान्यात जाऊन ताकदीचे इंजेक्शन घेणे, मुलगा कामावरून परतण्याची वाट पाहणे, यांत मुदत संपून जाते. वाकडे तोंड, न उचलणारा हात आणि अडखळणारी जीभ ही तीन लक्षणे ओळखून थेट स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघणे, हे शिक्षण गावोगावी पोहोचणे ही या तालुक्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुधारणा आहे.

२०१५ च्या आरंभी नेदरलँड्समधील ५०० रुग्णांवरील प्रयोगाने आणखी एक दार उघडले. जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढली, तर मोठी वाहिनी तुंबलेल्या रुग्णांपैकी स्वतंत्रपणे जगू शकणाऱ्यांचे प्रमाण १९ टक्क्यांवरून सुमारे ३३ टक्क्यांवर जाते, असे त्यात आढळले. निवडक रुग्णांत ही प्रक्रिया चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते हे पुढच्या तीन वर्षांत स्पष्ट झाले. तत्पूर्वी, २००७ मध्ये, युरोपातील तीन प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणाने मेंदूला प्रचंड सूज आलेल्या रुग्णांत कवटीचा तुकडा तात्पुरता काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया केल्यास वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर जाते असे दाखवले होते. त्या अभ्यासातील दुसरा आकडा तितक्याच गांभीर्याने पाहायला हवा: आधाराशिवाय चालू शकणाऱ्या अवस्थेपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले, म्हणजे शस्त्रक्रियेने वाचलेल्यांपैकी मोठा भाग दुसऱ्याच्या आधारावर जगणारा होता. अशा रुग्णाच्या नातेवाइकांपुढे अतिदक्षता विभागाच्या दारात जेव्हा संमतीचा कागद येतो, तेव्हा ‘वाचेल का’ या प्रश्नाबरोबरच ‘कसा वाचेल’ हेही डॉक्टरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

यंत्रे आणि औषधे यांच्या झगमगाटात परिचारिकांचे काम झाकले जाते, आणि त्याचा पुरावा तर सर्वांत भक्कम आहे. पक्षाघाताच्या रुग्णांना सर्वसाधारण वॉर्डात विखुरण्याऐवजी एका विभागात, या आजाराची सवय असलेल्या डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या देखरेखीखाली ठेवले, तर वर्षभरानंतर अधिक रुग्ण जिवंत, स्वावलंबी आणि स्वतःच्या घरी असतात, हे १९९० च्या दशकातील एकत्रित अभ्यासांनी सिद्ध केले. अशा विभागाला स्ट्रोक युनिट म्हणतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात परिचारिकांना फक्त तीन गोष्टींचे काटेकोर पालन करायला शिकवले: ताप उतरवणे, रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि तोंडाने काही देण्यापूर्वी गिळण्याची चाचणी घेणे. एवढ्यावर तीन महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आले. साखरेचा मुद्दा पुणे परिसरात विशेष लागू पडतो, कारण पक्षाघाताच्या रुग्णांत मधुमेहींचा भरणा मोठा असतो. मधुमेहासाठी उभारलेले चेलाराम रुग्णालय बावधनमध्येच आहे, आणि साखर, रक्तदाब व मेंदू यांचा विचार एकत्र करण्याची गरज अशा ठिकाणी रोज जाणवावी हे स्वाभाविक आहे.

सावरण्याच्या इतिहासाकडे वळले की गती मंदावते. भारतातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास झाली ती पोलिओच्या साथीमुळे, आणि पक्षाघाताचे रुग्ण या शास्त्राकडे नंतर आले. लुळे अंग प्रथम ताठर होते, मग त्यात ठरावीक साच्यातल्या हालचाली येतात आणि शेवटी एकेका स्नायूवरचा ताबा परततो, असा क्रम सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला आणि तो आजही भारतातील फिजिओथेरपीच्या वर्गांत शिकवला जातो. कोपनहेगनमधील १९९५ च्या अभ्यासात असे आढळले की सुधारणेचा बहुतांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच घडतो, आणि म्हणून हे तीन महिने वाया जाणे म्हणजे पुढचे आयुष्य गमावणे होय. घाई मात्र उपकारक नसते. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला पुन्हा पुन्हा उभे करून चालवण्याचा जो प्रयोग २,१०४ रुग्णांवर झाला, त्याच्या २०१५ मधील निष्कर्षात अशा रुग्णांची स्थिती उलट किंचित खालावलेली दिसली.

फिजिओथेरपिस्ट पुरेसे नाहीत, तर घरच्यांनाच शिकवावे, असा विचार भारतात झाला आणि तो तपासलाही गेला. चौदा रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातील कुटुंबीयांना रुग्णालयात व घरी प्रशिक्षण देण्यात आले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, निघाले. हा निष्कर्ष निराशाजनक वाटला तरी तो अतिशय मोलाचा आहे, कारण सून, पत्नी किंवा मुलगी यांच्या अंगावर आणखी एक काम टाकून तज्ज्ञांची उणीव भरून निघते, या सोयीच्या समजुतीला त्याने आधार उरू दिला नाही. या देशात रुग्णाची कूस बदलणे, भरवणे, आंघोळ घालणे आणि व्यायाम करून घेणे हे काम बहुतांशी स्त्रिया करत आल्या आहेत. भातलावणीच्या दिवसांत मुळशीच्या खोऱ्यात त्याच स्त्रिया चिखलात उभ्या असतात.

बावधनच्या गृहसंकुलातील रुग्णाकडे सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपिस्ट येऊ शकतो आणि त्याचे शुल्क भरण्याची ऐपतही अनेक घरांत असते. घाटाजवळच्या वाडीवरील रुग्णाला त्याच तीन महिन्यांत पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत किंवा पुण्यापर्यंत आणायचे, तर एका माणसाची दिवसाची मजुरी, वाहनाचे भाडे आणि पावसाळ्यात निसरडा रस्ता, हे सगळे आड येते. केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्यामुळे उपकेंद्रांत रक्तदाब तपासून गोळ्या देण्याची व्यवस्था उभी राहिली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने रुग्णालयातील खर्चाचा काही भार उचलला. घरी परतलेल्या रुग्णाच्या सावरण्यासाठी मात्र अशी व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही, आणि ती उभी करायची तर आशा कार्यकर्तीच्या वहीत रक्तदाबाच्या रकान्याशेजारी रुग्ण काल किती पावले चालला याचा एक रकाना, आणि आठवड्यातून दोनदा वाडीवर येणारा फिजिओथेरपिस्ट, यांपासून तालुक्याला आरंभ करता येईल.